दसऱ्यापासून शून्य

नथू : शून्य म्हंजी शून्य. आता त्यात इस्कटून काय सांगू, मॅडम? तुमच्या तळेगावात शून्य येगळं असतंय व्हय?

अरुंधती : नथूभाऊ, मी भांडायला आले नाहीये. ही बघा मावशींची वही. बारा आठवड्यांची आहे. नागीण उठली होती त्या जागेवर रोज किती दुखतंय, त्याचा संध्याकाळी आकडा लिहायचा, शून्य ते दहा. श्रावणात आठ, मग सात, सहा, पाच. दसऱ्याला शून्य. तिथून पुढे आजपर्यंत रोज शून्य.

नथू : मग ब्येस झालं की! नागीण हून गेल्यावर कुनाचं दुखनं जातं आन् कुनाचं ऱ्हातं, त्याचा अभ्यास करताय न्हवं तुमी? दिली तुमाला एक बरी करून. आता हार घाला.

अरुंधती : हार नंतर घालू. परवा मंगळवारी मावशींना मेंदूच्या स्कॅनसाठी पुण्याला नेलं होतं. आत झोपलेल्या असताना आम्ही त्यांच्या बरगडीवर मऊ ब्रश फिरवला. मुलं चित्रं रंगवतात ना, तसला. दहा वेळा. आणि किती दुखलं ते बोटांनी दाखवायला सांगितलं. दहाही वेळा त्यांनी आठ बोटं दाखवली.

नथू : आठ?

अरुंधती : आठ. आणि त्याच दिवशी संध्याकाळी वहीत शून्य. यातलं खरं कुठलं, तेवढंच विचारायला मी तुमच्या बेडशापर्यंत आलेय.

नथू : आवो, त्या मशीनचा आवाज आयकलाय का तुमी? मी भाईर बाकड्यावर बसलोवतो तर माझ्या काळजाचं पानी झालं. आन् ही बाईमानूस. आत कोंबलेली, हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई. घाबरून धा बोटं दाखवली न्हाईत ह्येच नशीब समजा.

शालूबाई : मी घाबरले न्हवते.

नथू : तू गप गं. मॅडम माझ्याशी बोलत्यात.

अरुंधती : खरं तर मी त्यांच्याशी बोलायला आलेय.

शालूबाई : आलात? बरं झालं. तीन म्हैन्यांनी का हुईना, सुचलं.

अरुंधती : मावशी, आत्ता या घटकेला किती दुखतंय?

नथू : तिला काय इचारता? मी सांगतो की. शिमग्याला नागीण उठली, खरी गोष्ट. उजव्या अंगाला, छातीखालनं पार पाठीपतुर. फोड बघून मलाच भवळ आली. पन फोड सुकलं. खपल्या पडल्या. डाग बी फिका झालाय. मंग दुखतंय कुटं? जखम हाय का? रगत येतंय का? सूज तरी दावा मला. काय बी न्हाई, आन् ही गावभर माझा सदरा घालून फिरती. बिलाउज टोचतोय म्हनं! सुताचा बिलाउज! काटं लावल्यात का त्याला? भाचीच्या साखरपुड्याला बी सदराच. लोक मला इचारत्यात, नथू, बायकूला कापडं घेत न्हाईस का रं?

शालूबाई : सदरा ढगळ हाय. त्यात तुमी नसता, म्हनून बरा वाटतो.

नथू : बगा. दुखनाऱ्या मानसाला अशी जीभ असती का?

अरुंधती : जिभेला नागीण झालेली नाही, भाऊ.

नथू : तुमी बी तिच्याच बाजूच्या. बरं, एक सांगा मॅडम. नागीण कुटं झालती? बरगडीवर. तुमी फोटू कशाचा काढला? डोस्क्याचा. म्हंजी तुमच्या येवढ्या शिकल्याल्या डॉक्टर लोकास्नी बी ठावं हाय की दुखनं हिच्या डोस्क्यात हाय. मी त्येच सांगतोय शिमग्यापासनं, तर मी वाईट. तुमी मशीन लावून सांगितलं की अभ्यास!

अरुंधती : नथूभाऊ, तुमच्या पायात काटा मोडला तर दुखतं कुठे?

नथू : पायात. मला येडं समजता काय?

अरुंधती : काटा पायात असतो, पण तो दुखतोय हे मेंदूला कळतं. शीर वर निरोप नेते आणि मेंदू म्हणतो, दुखतंय. नागिणीत ती शीरच आतून भाजून निघते. कातडी बरी होते, पण काही जणांची शीर बरी होत नाही. ती उगाच निरोप पाठवत राहते. कापड लागलं तरी विस्तव लागल्यासारखा निरोप जातो. आणि महिनोन्‌महिने तेच चाललं की मेंदूच्या कामातही फरक पडतो. ज्यांचं दुखणं थांबलं त्यांच्या मेंदूत काय होतं आणि ज्यांचं थांबलं नाही त्यांच्या मेंदूत काय, ते आम्ही बघतोय. दुखणं मेंदूत दिसतं म्हणजे ते खोटं असतं, असं नाही.

नथू : तुमच्याकडं शब्द लय. आमच्या सोमाटण्याच्या बजरंगकडं गेरू हाय. त्यानं गेरूची रेघ मारली, नागिनीचं तोंड आन् शेपूट मिळू दिलं न्हाई. म्हनून जिती हाय ही.

शालूबाई : तीन दिस नेलं मला सोमाटण्याला. जीपमधी धक्कं खात. चवथ्या दिशी कामशेतचा डॉक्टर म्हनला, आदी का न्हाई आला? ह्ये म्हनले, घरात कामं हुती.

अरुंधती : पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू झालं असतं तर कदाचित एवढं राहिलं नसतं. नक्की सांगता येत नाही, पण शक्यता होती.

नथू : आता त्ये बी माझ्याच बोडक्यावर.

शालूबाई : आनि कुनाच्या घालू? बजरंगाच्या? त्यो सोताला ताप आला की दवाखान्यात जातो.

अरुंधती : मावशी, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. आत्ता किती?

शालूबाई : आठ. पाटीमागं हात न्येऊन केस बांधायला गेलं की नऊ. रातच्याला कूस बदलली की धा. शून्य कंदीच न्हाई. शून्य कसं असतं त्ये इसरले मी.

अरुंधती : मग वहीत...

शालूबाई : वहीत अक्षर कुनाचं हाय?

अरुंधती : नथूभाऊंचं. म्हणजे... मीच त्यांना सांगितलं होतं, रोज विचारून भरा म्हणून.

शालूबाई : का?

अरुंधती : तुम्हाला लिहिता-वाचता येत नाही म्हणून.

शालूबाई : कोन म्हनलं?

अरुंधती : आमच्या फॉर्मवर तसं आहे.

शालूबाई : कोन म्हनलं, सांगा की. तुमच्या कागदावर काय लिवलंय माझ्या नावाफुडं?

अरुंधती : निरक्षर.

शालूबाई : मी सातवी पास हाय, मॅडम. ह्ये चौथीतनं पळाले, मास्तरनं कान पिळला म्हनून. तुमी मला इचारलंच न्हाई. डोईवरचा पदर बगितला, अंगावरचा सदरा बगितला, आन् वही कारभाऱ्याच्या हातात दिली. वर म्हनला, भाऊ, जरा लक्ष द्या हं. आमच्या घरात म्हशीला इंजेक्शन द्यायला यतो त्यो बी आदी म्हशीकडं बगतो.

अरुंधती : चूक झाली माझी.

शालूबाई : झाली. मोठी झाली.

नथू : आगं, येवढ्या लांबनं आल्यात त्या. काय बोलायची रीत हाय का न्हाई?

शालूबाई : तुमी नगा सांगू रीत. गनपतीपतुर इचारलं तुमी मला. रोज सांच्याला यायचं, दारात हुबं ऱ्हायचं, आन् म्हनायचं, किती? मी म्हनायची आठ. मोप उपकार केल्यावानी लिवायचं. मंग इचारनं बंद झालं, पन लिवनं चालूच. मला वाटलं, काय लिवत्यात एकटं बसून? दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी ह्ये देवळात गेलं तवा वही काडली आन् वाचली.

नथू : चोरून?

शालूबाई : माझ्या दुखन्याची वही. मी चोर?

अरुंधती : तेव्हाच मला फोन का नाही केलात, मावशी? तुमचं सलग दोन आठवडे शून्य आलं म्हणून आमच्या लोकांनी संध्याकाळच्या गोळ्या बंद केल्या. बरं झालेल्या माणसाला त्या देत नाहीत.

शालूबाई : ठावं हाय. गोळ्या बंद झाल्या त्या राती मी भितीला डोस्कं टेकून बसले हुते. ह्ये घोरत हुते.

अरुंधती : मग तरीही?

शालूबाई : मला तुमच्या मशीनचा भरवसा हुता. तुमीच म्हनला हुता, आमी मेंदू बगनार. म्हनलं, लिव बाबा. काय लिवायचं त्ये लिव. मशीन काय ह्यांचं सोयरं लागत न्हाई. त्ये सरळ डोस्क्यात बगंल आन् सांगंल, ही बाई खरी हाय. मंगळवारी चाळीस मिंटं पडले मी त्या नळकांड्यात. तुमचा त्यो बुरूस बरगडीवर आला की डोळ्यातनं पानी कानात जायचं. पन हलले न्हाई. म्हनलं, हलले तर फोटू हलंल, आन् फोटू हलला तर ह्यांना पळवाट घावंल. तवा आता दावा. आनलाय न्हवं फोटू? ह्यांच्या डोळ्याफुडं धरा.

नथू : व्हय व्हय, दावा. मला बी बगू द्या. फोटूत दुखनं दिसलं तर मी आत्ता हितं तिच्या पाया पडतो.

अरुंधती : चित्र आहे माझ्याकडे. पण...

शालूबाई : पन काय?

अरुंधती : एका माणसाचं चित्र बघून त्याला दुखतंय की नाही, हे मला सांगता येत नाही, मावशी. कुणालाच येत नाही. आम्ही साठ-सत्तर जणांची चित्रं एकत्र ठेवतो. बरे झालेले एकीकडे, बरे न झालेले दुसरीकडे. मग दोन्हींत काय फरक आहे ते शोधतो. एकटीच्या चित्रावरून मी काही म्हणाले तर ते खोटं होईल.

नथू : घ्या! येवढं मोठं मशीन, येवढा खडखडाट, पुन्याला गाडी करून न्येलं, आन् त्याला काय ठावं? काय बी न्हाई! आमच्या बजरंगला निदान तोंड आन् शेपूट तरी वळखू येतं.

शालूबाई : म्हंजी मशीन माझी साक्ष देनार न्हाई.

अरुंधती : नाही.

शालूबाई : मंग मला झोपवलं कशाला त्यात? मी दीड म्हैना दात खाऊन ऱ्हायले, त्या मशीनसाठी. गोळ्या गेल्या तरी ऱ्हायले. आन् तुमी फोटू पिशवीत घालून आलाय आन् म्हनता, मला वाचता येत न्हाई. मंग निरक्षर कोन, मॅडम?

अरुंधती : मी. पण एक ऐका, मग वाटेल ते बोला. कुणाचं दुखणं गेलं आणि कुणाचं राहिलं, हे मशीन ठरवत नाही. आम्हीही ठरवत नाही. ते वहीवरून ठरतं. माणूस स्वतःच्या तोंडाने जो आकडा सांगतो, त्यावरून. दुखणं मोजायचं दुसरं कुठलंही साधन जगात नाही.

शालूबाई : आमी सांगायचं, मंग मशीनला कळायचं?

अरुंधती : हो. ते तुमच्याकडून शिकतंय.

शालूबाई : आन् ह्या वहीवरनं काय शिकलं?

अरुंधती : की तुमच्यासारखा मेंदू म्हणजे बरा झालेला मेंदू. तुमचं चित्र बरं झालेल्यांच्या गठ्ठ्यात गेलंय. मी बोटांचा आकडा ताडून बघितला नसता तर तिथेच राहिलं असतं.

शालूबाई : तशीच फुडं एखादी बाई येनार, माझ्यावानी जळत. आन् तुमी तिला सांगनार, काय बी न्हाई हो तुमाला, आमच्या अभ्यासात आलंय. आन् त्यो अभ्यास म्हंजी आमचं ह्ये. चौथी नापास.

नथू : आता बास झालं हां.

अरुंधती : नथूभाऊ, मला एकच सांगा. तुम्ही आकडे असे पायरीपायरीने का उतरवलेत? पाच दिवस सात, पाच दिवस सहा, पाच दिवस पाच. खरं दुखणं असं शिस्तीत उतरत नाही. कमी होतं, वाढतं. कुणीही बघितलं तरी कळलं असतं. आम्ही बघितलं नाही ही आमची लाज. पण तुम्ही हे का केलंत?

शालूबाई : मी सांगते. दसऱ्यापासनं पवना धरनाच्या काठाला आमचं टेंट लागल्यात. पोरगा, आदिनाथ, चालवतो. शनवारी साठ-साठ मानसं येत्यात मुंबईची, त्यास्नी चुलीवरची भाकरी लागती. पाटीवर माझा फोटू छापलाय, भाकरी थापताना. चुलीचा जाळ उजव्या अंगाला लागला की मी वरडते. पन वहीत शून्य आसल्यावर कोन वरडतंय? शून्यवाली बाई वरडत न्हाई. ती थापती.

नथू : टेंटचा काय संबंद न्हाई.

शालूबाई : मंग?

नथू : न्हाई संबंद.

अरुंधती : मग काय, भाऊ?

नथू : तुमाला काय जातंय इचारायला. तुमी वही देऊन गेला तळेगावला. हितं रोज सांच्याला मी जायाचं, किती म्हनायचं, ही म्हननार आठ. दुसऱ्या दिशी किती, आठ. पाऊस पडूद्या, ऊन पडूद्या, आठ. मी म्हशीचं औषिद केलंय, बैलाचा खूर बरा केलाय. हिचं आठ काय हलंना. लिवताना हात जड व्हायचा माझा. एक दिस म्हनलं, सात लिवू. बगू काय हुतंय. काय बी झालं न्हाई. कुनी फोन केला न्हाई, कुनी रागावलं न्हाई. मंग सहा लिवलं.

शालूबाई : आन् मजा वाटाय लागली.

नथू : मजा कशाची? बरं वाटलं.

शालूबाई : कुनाला?

नथू : जाऊ दे की आता.

शालूबाई : कुनाला बरं वाटलं, मॅडमला सांगा.

नथू : मला.

शालूबाई : आयका. नागीण मला झाली, आन् बरं वाटलं ह्यांना. दसऱ्याला पार खडखडीत झाले. त्या दिशी श्रीखंड आनलं हुतं घरी. मी म्हनलं, कशापायी? तर म्हनले, असंच.

नथू : तू खाल्लंस की.

शालूबाई : खाल्लं. तवा वाचली न्हवती वही. आता वकावंसं वाटतं.

अरुंधती : मावशी, आता पुढचं सांगते. ही वही मला रद्द करावी लागेल. तुमचं चित्रही त्या गठ्ठ्यातून काढणार. गोळ्या उद्यापासून परत सुरू होतील, ते मी डॉक्टरांशी बोलून आलेय. तुम्हाला अभ्यासातून बाहेर पडायचं असेल तर पडा. गोळ्या तरीही मिळतील. आणि राहायचं असेल तर चार आठवडे नवी वही, आणि पुन्हा एकदा स्कॅन.

नथू : पुन्यांदा त्या नळकांड्यात? अजिबात न्हाई. आमी भाईर पडतो.

शालूबाई : तुमी कंदी आत हुता? मी ऱ्हाते. वही द्या हिकडं.

अरुंधती : घ्या. तारीख, आकडा, गोळी घेतली की नाही, आणि शेवटी शेरा. एवढेच रकाने आहेत.

नथू : आन् शनवारी काय? बासष्ट मानसं हैत. पाटीवर भाकरी लिवलीय. भाकरी कोन थापनार?

शालूबाई : तुमी.

नथू : मला भाकरी येत न्हाई.

शालूबाई : वही भराय तरी कुटं येत हुती? भरली की तीन म्हैनं. पिठाला शिव्या देत बसा, जमंल. पाटीवरचा माझा फोटू काडा आन् तुमचा लावा.

अरुंधती : आदिनाथशी मी बोलू का?

शालूबाई : नगं. त्याला मी सांगंन. तुमी आता कुनाला माझ्या वतीनं काय बी सांगू नका.

अरुंधती : बरं. मग आजचा आकडा तुम्हीच लिहा. हा पेन.

(शालूबाई वही मांडीवर घेऊन लिहितात.)

अरुंधती : नऊ?

शालूबाई : तुमी आला तवा आठ हुता. येवढं बोलायला लागलं, त्याचा एक वाडला.

अरुंधती : तुमचं अक्षर छान आहे.

शालूबाई : ऱ्हाऊद्या. मास्तरीन व्हायची तेवढी बाकी हाय मी.

नथू : शाले.

शालूबाई : काय?

नथू : लय दुखतंय का गं?

शालूबाई : आयकलंत का, मॅडम? गनपतीपासनं पयल्यांदाच इचारलं ह्यांनी.

अरुंधती : ऐकलं. वाटलं तर लिहा तसं. शेऱ्याचा रकाना मोकळाच आहे.

शालूबाई : नगं. उद्या इचारत्यात का, त्ये बगू आदी.